ताईने कोरलेली बदकं

माझी नणंद शाळेत चित्रकला शिकवायची. मी तिला ताई म्हणायचे, ती मला वहिनी. वयाने मी तिच्याहून लहान, पण तिच्या मोठ्या भावाची बायको म्हणून मानाने मोठी. त्यामुळे लग्नानंतर बराच काळ आम्ही दोघी एकमेकींना अहो-जाहो करत होतो आणि दोघींनाही ते जड जात होतं. समोरासमोर आलो की एक स्वयंपाकघरात शिरायची, दुसरी बाहेर.

आमचं घर भिवंडीजवळ शेलारला. मागच्या गल्लीत कापडाचे लूम, पुढच्या गल्लीत लूम, दिवसभर खडखडाट. नवीन होते तेव्हा मला वाटायचं, या आवाजात माणसं एकमेकांशी बोलतात कशी? ताईने तो प्रश्न न बोलण्याने सोडवला होता. शाळेतून आली की चहा घ्यायची आणि आपल्या खोलीत जमिनीवर पाट ठेवून त्याच्यावर वाकून बसायची. काय करते ते मला कितीतरी दिवस ठाऊक नव्हतं.

एका रविवारी तिने दारातून हाक मारली, "वहिनी, जरा जोर लावता का इथे?"

आत गेले तर जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली, एका काचेवर काळी शाई, तिच्या नाकालाही शाई. समोर तपकिरी रंगाचा, रबरासारखा एक जाड तुकडा होता. तो लिनो. त्याच्यावर चित्र उलटं काढायचं, जे पांढरं हवं ते बारीक कोरणीने कोरून टाकायचं, जे उरेल त्याच्यावर रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि पाठीमागून घासायचं. कोरायला हात हलका लागतो, घासायला मात्र जड लागतो. ताईचा हात हलका होता. मी बारा माणसांच्या घरातून आलेली, लहानपणापासून भाकऱ्या थापलेली. मी स्वयंपाकघरातून स्टीलचा डाव आणला, त्याची पाठ कागदावर ठेवली आणि घासायला लागले.

कागद उचलला तेव्हा त्याच्यावर एक पक्षी होता. गोल, आखूड, शेपूट नसल्यासारखा, पाण्यावर बसलेला. ताई म्हणाली, ही टिबुकली, खारबावच्या तळ्यात असते, बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. मी ते चित्र बघत राहिले. ताईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू छान घासतेस."

त्या दिवसापासून अहो-जाहो संपलं.

मग आमचं ठरून गेलं. कोरायचं तिने, छापायचं मी. थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी तिच्या स्कूटीवरून आम्ही खारबावला जायचो. स्टेशनच्या पलीकडे, भातखाचरं ओलांडून गेलं की एक तळं लागतं, त्याच्या मागे खाडीची दलदल. ताई बांधावर बसून पेन्सिलने भराभर रेघा ओढायची आणि मी तिला चहा ओतून द्यायची. मला सगळी बदकं सारखीच दिसायची. ती एकेक दाखवायची. ती शेपटीला लांब काडी असलेली तलवार बदकं, ते चपटी चोच पाण्यात घासत फिरणारे थापटे, ती शिट्टी वाजवत उडणारी अडई. मला सगळ्यांत आवडायचं हळदी-कुंकू बदक. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. बाईने हळदी-कुंकू लावून घ्यावं तसं.

ताईची सगळी चित्रं काळ्या शाईतली असायची, पण या बदकासाठी तिने पिवळ्याचा आणि लालचा असे दोन छोटे ठसे वेगळे कोरले. काळं चित्र वाळलं की त्याच्यावर नेमक्या जागी ते टेकवायचे. ते काम तिने माझ्याकडे दिलं. म्हणायची, "तू सवाशीण, तूच लाव." ती बिनलग्नाची. एकदा ठरलं होतं, मोडलं, नंतर तिनेच नको म्हटलं. आम्हाला मूल झालं नाही. घरात आम्ही तिघंच. माझा नवरा टेम्पोवर, कापडाचे तागे लूमवरून रंगाईला, प्रोसेसला नेऊन टाकायचा. मी मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला होते. तिघांच्या तीन वेळा, पण संध्याकाळचं जेवण एकत्र. पुढच्या खोलीत एका भिंतीपासून दुसरीपर्यंत सुतळी बांधलेली असायची, तिला चिमट्यांनी ओल्या बदकांचे कागद लटकलेले. त्यांच्याखाली वाकून आम्ही ताटं घ्यायचो. नवरा कधीकधी ओरडायचा की डोक्याला शाई लागली. पण सुतळी त्यानेच बांधलेली होती.

ताईचं खरं कसब पाण्यात होतं. बदक काय, कुणीही काढेल असं ती म्हणायची, पाणी काढता आलं पाहिजे. सगळ्यांत बारीक कोरणी घेऊन ती आडव्या रेघा कोरत जायची, केसासारख्या, एकीला दुसरी न लागू देता. एक हात कोरणीवर, दुसरा लिनो फिरवणारा. श्वाससुद्धा रेघ संपल्यावर सोडायची. मी समोर बसून भाजी निवडायची आणि ते बघायची. दोघी गप्प असायचो, पण आता ते गप्प बसणं वेगळं होतं.

असं कितीतरी वर्षं चाललं. सुखाचं काही लक्षात राहत नाही असं म्हणतात, पण मला राहिलंय.

पहिल्यांदा ते मला कागदावर दिसलं. एका वर्षी थंडीत ताईने अडईंचा थवा कोरला होता. मी छापून कागद उचलला तर खालच्या पाण्यात रेघा मधेच वाकड्या झालेल्या, दोन ठिकाणी एकमेकींत घुसलेल्या. मी तिला दाखवलं. ती म्हणाली, कोरणी बोथट झालीय. आम्ही नवीन कोरणी आणली. पुढच्या चित्रात रेघा आणखी हलल्या. मग ती म्हणाली, लिनो थंडीने कडक झालाय. तिने तो उन्हात ठेवला, मऊ केला. तरी तेच.

त्या सुमारास ठाण्याला एका हॉलमध्ये चित्रकला शिक्षकांचं प्रदर्शन होतं. ताईने जुनी चार चित्रं दिली आणि नवीन एक. मी रजा टाकून बरोबर गेले. एक मोठे चित्रकार तिथे आले होते, पांढऱ्या दाढीचे. ते जुन्या चित्रांसमोरून सरळ गेले आणि नव्यासमोर थांबले. बराच वेळ बघून म्हणाले की बाई, इथे तुमचं पाणी जिवंत झालंय, आधीचं फार शिस्तीचं होतं, आता हात मोकळा सुटला तुमचा. ताईने हात जोडले, आभार मानले. बाकीच्या शिक्षकांनीही येऊन अभिनंदन केलं. मला इतका आनंद झाला की मी रिक्षात बसल्यावरही तेच बोलत होते.

ताई बाहेर बघत होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "वहिनी, ते पाणी नाही हललं. माझा हात हलला."

मग तिने उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला जो गुबगुबीत भाग असतो, तो आत गेला होता. खळगा पडला होता तिथे. म्हणाली, बाटलीचं झाकण उघडत नाही मला, शाळेत मुलांकडून उघडून घेते. मी तिचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

पुढचे काही महिने दवाखान्यांचे. भिवंडीतल्या एका डॉक्टरने मानेचा मणका म्हणून पट्टा दिला. दुसऱ्याने ताकदीच्या गोळ्या दिल्या. कुणीतरी तेल सांगितलं, ते मी रोज चोळायची. मग तिचा उजवा पाय घसटायला लागला, चप्पल पायातून निसटायची. शेवटी ठाण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हातापायात बारीक सुया घालून तपासण्या केल्या आणि आम्हाला तिघांना समोर बसवलं. तोपर्यंत सगळे डॉक्टर माझ्या नवऱ्याशी बोलायचे. हे ताईशी बोलले. म्हणाले, स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतायत. हात जातील, पाय जातील, बोलणं जाईल, गिळणं जाईल. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहील. औषधाने थोडा वेळ वाढतो, आजार थांबत नाही.

ताईने विचारलं की डोळे? डॉक्टर म्हणाले, डोळे राहतात.

नवऱ्याने मधेच विचारलं, ऑपरेशन करून होणार नाही का? मुंबईला नेलं तर? डॉक्टरांनी मान हलवली. बाहेर आल्यावर तो टेम्पोत बसला आणि चावी लावायची त्याला सुचेना. ताई मागून म्हणाली, "दादा, चल ना. भूक लागलीय मला." तेव्हा आम्ही वाटेत थांबून वडापाव खाल्ला. तिघांनी. मला त्याची चव अजून आठवते, म्हणजे चव नव्हतीच हे आठवतं.

ताईने शाळा चालू ठेवली, जमेल तोवर. मग खडू धरता येईना तेव्हा सोडली. मी ड्युटी सोडली. सुपरवायझर चांगला माणूस होता, म्हणाला, "भाभी, जब मन करे वापस आ जाना." मी हो म्हटलं.

पुढची थंडी आली तेव्हा आम्ही खारबावला गेलो ते टेम्पोतून. नवऱ्याने तिला उचलून पुढच्या सीटवर ठेवलं, मी मागे हौद्यात बसले. तळ्याकडे तोंड करून टेम्पो उभा केला आणि काच खाली घेतली. पेन्सिल तिच्या बोटांत मी रुमालाने बांधली होती. तिने तासभर खपून एक छोटंसं बदक काढलं. काणूक. सगळ्या बदकांत लहान, मुठीत मावेल असं वाटतं. पांढरं अंग, गळ्यात काळी पट्टी. घरी येऊन तिने ते माझ्या हाताने लिनोवर उतरवून घेतलं, रेघ न् रेघ सांगून. म्हणाली, कोरू सावकाश. पण कोरणी तिला धरता आली नाही. डाव्या हाताने करून बघितलं, तोही गेला होता. लिनो मी भिंतीला टेकवून ठेवला, तिला दिसेल असा.

मग बोलणं गेलं. आधी शब्द जड झाले, दारू प्यायलेल्या माणसासारखे, मग नुसता आवाज उरला, फक्त मला आणि नवऱ्याला कळणारा. मग आम्हालाही कळेना. इतकी वर्षं मुलांना रागावलेला, हसवलेला तो आवाज. तेव्हा मला तिच्या कपाटात एक तक्ता सापडला. सुलेखन शिकवायला तिने स्वतःच लिहिलेला. क ख ग घ, मोठी वळणदार अक्षरं, काना-मात्रा नाहीत. मी तो पलंगासमोर लावला. ओळीवरून बोट फिरवायची, हवं ते अक्षर आलं की ती वर बघायची. नको असलं की डोळे मिटायची. काना, मात्रा, वेलांटी मी अंदाजाने लावायची.

एकदा तिने क दाखवला, मग प. मी म्हटलं, कप? चहा हवाय? तिला चहा आवडायचा, पातळ गिळताना ठसका लागतो म्हणून दाट करून चमच्याने देत होतो. मी धावत चहा करून आणला. ती डोळे मिटून पडलेली. पुन्हा क, पुन्हा प. मी म्हटलं, कापूस? कपडा? कपाट? तिने माझ्याकडे असं बघितलं जसं ती शाळेतल्या ढ मुलाकडे बघत असेल. मग नजर भिंतीकडे वळवली, लिनोकडे.

काप. कोर म्हणत होती. र तक्त्यावर पार खाली, प त्याच्या आधी येतो, तेवढ्यात भागवलं होतं तिने.

मी म्हटलं की ताई, मला नाही जमणार, मी फक्त घासणारी. तिने वर बघितलं. वर बघणं म्हणजे हो. तू कापच.

मग रोज दुपारी, तिला कुशीवर वळवून, पुसून, पावडर लावून झालं की मी पलंगाशेजारी पाट घेऊन बसायची. ती नजरेने सांगायची. खोल गेलीस, वर ये. तिकडून नको, इकडून. तिचे डोळे एवढे बोलके होते की आम्ही तक्ता बाजूला ठेवला. गळ्याची पट्टी मी बरी कोरली. पंखही झाले. एक दिवस कोरणी सटकली आणि अर्धी चोच उडाली.  मी तिच्याकडे बघितलं तर तिचं अंग हलत होतं, तोंड वाकडं झालं होतं आणि डोळ्यांतून पाणी. या आजारात हसू आणि रडू दोन्ही आवरत नाही आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. हसतेस का रडतेस, मी विचारलं. तिला सांगता येईना. मग मीही तशीच झाले. नवरा कामावरून आला तेव्हा आम्ही दोघी अशा, आणि मधे अर्ध्या चोचीचं बदक.

पाणी मी कोरलंच नाही. तिने सांगितलं पाणी राहू दे. मी तसंच छापलं. काळ्या पाण्यावर पांढरं, अर्ध्या चोचीचं. तिच्या समोर धरलं तर ती कितीतरी वेळ बघत होती.

गिळणं कमी होत गेलं. आमच्याकडे माणूस आजारी पडलं की पेज. तांदळाची दाटसर पेज नवरा स्वतः करायचा, कामावर जायच्या आधी, आणि स्वतःच भरवायचा. एका बोटाने तिची हनुवटी धरून, चमचा ओठांशी. "घे बाय, एवढा घे." तिला तो लहानपणापासून बाय म्हणायचा. एका वाटीला आधी थोडा वेळ लागायचा, मग सकाळ जायला लागली. ठसका लागायचा, ती काळीनिळी पडायची, तो घाबरायचा, पुसायचा, पुन्हा चमचा भरायचा.

डॉक्टरांनी सांगितलं, आता पोटातून नळी घालावी लागेल. नळीने अन्न जाईल, ताकद राहील. घातली नाही तर हळूहळू सगळं कमी होत जाईल. ठरवायचं तिने. नवऱ्याने तिथेच हो सांगितलं.

घरी आल्यावर ताईने मला तक्ता लावायला सांगितला. न. ळ. न. क. मला पहिल्या फटक्यात कळलं. तरी मी विचारलं, नळी नको? तिने वर बघितलं. मी म्हटलं, विचार कर. तिने वर बघितलं, नजर खाली आणली, परत वर. मग तिने द दाखवला, पुन्हा द. दादा. आणि मग माझ्याकडे बघत राहिली. हे दादाला तू सांग.

मी दोन दिवस सांगितलं नाही. मग तो पेज ढवळत असताना सांगितलं. त्याने पळी तशीच भांड्यात सोडली.

"ती लहान हाय," तो म्हणाला. "तिला काय कळतं."

ती पन्नाशीला आलेली बाई होती. मी म्हटलं की तिला सगळं कळतं, डॉक्टर म्हणाले ना बुद्धी शाबूत आहे. तो म्हणाला, मग आम्ही उपाशी मारायचं तिला? आईने मरताना माझ्या हातात दिली तिला. माझ्या डोळ्यांसमोर ती उपाशी मरल आणि मी बघत बसू?  तो आत गेला, तिच्या पलंगाशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं ओरडेल. त्याने विचारलं, "बाय, नळी न्हाय लावायची?"

तिने वर बघितलं.

"मी भरवीन. कितीबी वेळ लागू दे. पण नळी लावू."

तिने डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. तो तिच्या पायाशी बसला, मोठ्याने रडला. मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं. ताई त्याला हात लावू शकत नव्हती. ती फक्त बघत होती. मी तिचा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला.

नळी लावली नाही. डॉक्टरांनी समजूत घातली, या अवस्थेत शरीराला भूक वाटेनाशी होते, तिला त्रास होऊ नये एवढं आपण बघायचं. नवऱ्याने पेज चालू ठेवली. दोन चमचे, एक चमचा, मग नुसतं बोट भिजवून ओठांना लावणं. तो कामावर उशिरा जायला लागला, मालक काही बोलला नाही.

शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. दुपार टळली होती. मी सकाळपासून तिच्याजवळच होते, श्वास उथळ झाला होता. तिने नजरेने तक्ता मागितला. पुष्कळ दिवसांनी. मी बोट फिरवायला लागले. ती दमलेली, एकेका अक्षराला वेळ लागत होता. ज. मग व.

मला वाटलं जाऊ. जावं. मी जाऊ का, असं विचारतेय ती मला.  मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "जा ताई. जा तू. मी दादांना सांभाळीन."

तिने डोळे मिटले. जोरात. म्हणजे नाही.

मी परत विचारलं. जीव? जीव घाबरतोय? मिटले. मग तिने माझ्यावरची नजर काढून स्वयंपाकघराच्या दाराकडे नेली आणि पुन्हा माझ्याकडे आणली. पुन्हा दाराकडे. तिकडे ओट्यावर सकाळचं माझं ताट झाकून ठेवलेलं होतं.

जेव. तू जेव.

मी ताट तिच्याजवळ आणलं आणि तिच्यासमोर बसून जेवले. गार भाकरी आणि वालाची भाजी. घास आत जात नव्हता, पण ती बघत होती म्हणून मी ताट संपवलं, बोटं चाटली. तेव्हा तिने नजर हलवली. त्यानंतर तिने तक्ता मागितला नाही. दोन दिवसांनी सकाळी, नवरा पेज घेऊन आत आला तेव्हा ती गेलेली होती.

शाळेने शोकसभा घेतली. तिची चित्रं व्हरांड्यात लावली. शिक्षक, जुने विद्यार्थी, शेजारच्या उर्दू शाळेतल्या बाई, सगळे आले. पुष्कळजण तिच्या शेवटच्या वर्षातल्या चित्रांसमोर थांबत होते, पाण्याचं कौतुक करत होते.  एक माजी विद्यार्थिनी, आता स्वतः शिक्षिका झालेली, मला म्हणाली, काकू, मला एक देता का? मी तिला अडईंचं दिलं. अर्ध्या चोचीचं मी तिथे लावलंच नव्हतं. ते घरी आहे, कपाटात, कुणाला दाखवायला नाही.

मी मानकोलीला परत कामावर जायला लागले. सुपरवायझर बदलला होता, पण घेतलं. नवरा टेम्पो चालवतो. आम्ही दोघं संध्याकाळी जेवतो आणि ताटाकडे बघत जेवतो. सुतळी त्याने एकदा सोडून ठेवली. 

गेल्या थंडीत एका रविवारी तो आपण होऊन म्हणाला, चल, खारबावला जाऊ. मी साडी बदलली. टेम्पोने गेलो. तळ्याच्या एका अंगाला मातीचा भराव पडलाय, तिकडे गोडाऊन होणार आहे. भरावाजवळ एक वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. आम्ही तिकडून जायला लागलो तर म्हणाला, "उधर से मत जाओ, मिट्टी कच्ची है." मग आम्ही दुसऱ्या बाजूने, बांधावरून गेलो. पाणी निम्म्याहून कमी राहिलंय. त्यात थोड्या टिबुकल्या होत्या आणि लांब पलीकडे काही बदकं, उन्हात झोपलेली, माना पंखांत.

तो बांधावर बसला. मी शेजारी बसले. मला वाटलं तो विचारेल की हे कुठलं, ते कुठलं, आणि मी मनात नावं जमवायला लागले. त्याने विचारलं नाही. एक गवताची काडी तोडून बराच वेळ सोलत बसला.

मग म्हणाला, "तिला भूक लागली असल का गं?"

मी म्हटलं, "न्हाय. भूक लागत नव्हती तिला. डॉक्टर म्हणाले ना."

"तुला काय वाटतं पण?"

मला काय वाटतं ते मला ठाऊक नाही. तिने मला जेव म्हटलं आणि तिच्या समोर मी अख्खी भाकरी खाल्ली, तेव्हा तिचे डोळे कसे होते ते मी रोज आठवते आणि मला काही कळत नाही. पण त्याला मी पुन्हा तेच सांगितलं, नाही लागत होती. त्याने मान डोलावली. ऐकून घेतलं, पटलं की नाही ते मला कळलं नाही.

ऊन चढलं तशी पलीकडची बदकं जागी झाली, पाण्यात उतरली. आम्ही उठलो. दुपारी त्याला टेम्पोची अंजूरफाट्याला एक फेरी होती.